प्रश्नाची भाषा आणि उत्तराचे मोल

प्रजननाच्या आरोग्याविषयीचे संशोधन ही वैद्यकाची बाब, असे सामान्यतः समजले जाते. हे संशोधन बव्हंशी प्रश्न विचारून चालते, आणि प्रश्न हा प्रथमतः भाषेचा व्यवहार असतो. या गोष्टीकडे मात्र जावे तितके लक्ष गेलेले नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांच्या मुलाखती व तपासणी यांवर आधारलेला राणी बंग, अभय बंग व त्यांचे सहकारी यांचा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग असल्याचे आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. परंतु तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्केच भरल्या. तपासणीत दिसलेला रोग आणि मुखाने सांगितलेला रोग यांमधील हे अंतर चिंतनीय आहे. कित्येक रोग लक्षणांवाचून राहतात. तेव्हा सर्व अंतर भाषेच्या माथी मारणे युक्त होणार नाही. तथापि त्यात भाषेचा भाग किती, हे तपासल्यावाचून उलगडा पुरा झाला असेही म्हणता येत नाही. इंग्रजी आकड्यामागे कोणते मराठी वाक्य उभे होते, हे आकडा सांगत नाही.

'तिला न्हाण आले', 'पाळी आली', 'दिवस गेले', 'अंगावरून पांढरे जाते', 'अंग बाहेर येते' हे प्रयोग पाहावेत. सर्वांत क्रियापद येण्याजाण्याचे व अकर्मक आहे. स्त्री कर्त्याच्या स्थानी नाही; तिचा उल्लेख झालाच तर तो चतुर्थीत होतो. देहात काही घडते आणि ते तिच्या वाट्याला येते, एवढेच ही रचना सांगते. रोगाचे नाव तीत नसते. वैद्यकाची परिभाषा याच्या उलट नामप्रधान आहे. 'श्वेतप्रदर आहे काय?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणणारी स्त्री, 'अंगावरून पांढरे जाते का?' असे विचारताच 'होय' म्हणू शकते. त्यातला 'पांढरे' हा शब्द गाळला, तर प्रश्न रक्तस्रावाचाही होतो आणि दोन भिन्न व्याधी एका रकान्यात पडतात. 'तक्रार' हा शब्दही निर्दोष नाही. जे घरोघरी सर्वांच्याच वाट्याला येते, त्याची कोणी तक्रार करीत नाही. 'गुप्तरोग' या संज्ञेत तर लपविण्याची अपेक्षा आधीच अंतर्भूत आहे. ती वापरून स्पष्ट उत्तराची आशा धरणे विसंगत होय.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. इंडियाना विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ अल्फ्रेड किन्से यांचे अमेरिकन पुरुषांच्या व स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावरील ग्रंथ अनुक्रमे १९४८ व १९५३ साली निघाले. त्यांच्या नमुनानिवडीवर कॉक्रन, मॉस्टेलर व ट्युकी या संख्याशास्त्रज्ञांनी जे आक्षेप घेतले, ते आजही सुटलेले नाहीत. परंतु मुलाखतकाराने उत्तर देणाऱ्याच्या बोलीतले शब्द वापरावेत, हा किन्से यांचा आग्रह विचारार्ह आहे. सर्वांना अक्षरशः एकच प्रश्न विचारला तर उत्तरांची तुलना निर्वेध होते, हा प्रतिपक्ष सबळ दिसतो. मात्र शब्द एक राहूनही अर्थ बदलत असेल, तर ती तुलना वरवरचीच ठरते. शब्द बदलण्याची मोकळीक दिल्यास त्याची नोंद ठेवली पाहिजे, हेही तितकेच खरे. नोंदीवाचूनची मोकळीक म्हणजे मुलाखतकाराची मर्जी.

यावरून एक साधा नियम निघतो. अशा संशोधनात प्रत्येक आकड्याशेजारी तो ज्या प्रश्नाने मिळाला, तो प्रश्न मूळ बोलीत छापला जावा. तपासणारा वैद्य प्रयोगाची सामग्री नमूद करतो, तशीच ही सामग्री होय. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडीही बोलली जाते; तेथे एका भाषेतील प्रश्नावली पुरेशी मानणे धोक्याचे आहे. बोलींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी शेतीची अवजारे व नात्यांची नावे परिश्रमपूर्वक टिपली. देहाच्या व्याधींची शब्दसंपत्ती संकोचापायी वगळली जाऊ नये. हा संकोच विद्वानांना परवडतो. ज्या स्त्रीचा रोग चुकीच्या शब्दामुळे नोंदलाच गेला नाही, तिला त्याची किंमत उपचाराला मुकून मोजावी लागते.