सूकरमद्दव, सोम आणि संथाळांचे ‘पुटका’

वालूर (ता. सेलू, जि. परभणी) हे जुन्या बारवांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. येथे वर्षावासात महापरिनिब्बान सुत्ताचे वाचन चालू असता एका सुशिक्षित तरुणाने आम्हांस प्रश्न केला. चुंदाच्या घरचे तथागतांचे अखेरचे भोजन म्हणजे वैदिकांच्या सोमाशी नाते असलेले पवित्र अळंबे होते, असे त्याच्या वाचनात आले होते. त्यात तथ्य किती, असे त्याने विचारले. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भ्रमजनक अळंबी व वनस्पती या ध्यानाच्याच वाटेवर नेतात, असे पाश्चात्त्य देशांत आज अनेक जण सांगतात आणि त्यासाठी आदिवासींचे ज्ञान व बुद्धाचे नाव या दोहोंचा आधार घेतात. म्हणून या मताचे मूळ तपासणे अगत्याचे आहे.

हे मत रॉबर्ट गॉर्डन वॅसन यांचे. पेशाने बँकेतील अधिकारी असलेल्या या अभ्यासकाने 1968 साली सोम म्हणजे लाल टोपीचे विषारी अळंबे, असा सिद्धांत मांडला. 1982 साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्धाच्या अखेरच्या भोजनावर निबंध लिहिला. संथाळी भाषेत वनस्पतींची नावे निर्जीव गटात मोडतात, परंतु ‘पुटका’ या अळंब्याचे नाव सजीव गटात मोडते, हे त्यांनी संथाळांकडून जाणून घेतले. ‘पुटका’ म्हणजेच ब्राह्मण-ग्रंथांतील सोमाचा पर्याय ‘पूतिक’, आणि सूकरमद्दव म्हणजेच हे पूतिक, अशी त्यांच्या युक्तिवादाची साखळी आहे.

निबंधातील परिश्रम आम्ही नाकारीत नाही. तथापि ही साखळी प्रत्येक कडीशी कच्ची आहे. दीघनिकायातील सुत्त सूकरमद्दव म्हणजे काय हे सांगत नाही. अट्ठकथांत डुकराचे कोवळे मांस, मऊ भात, रसायन, डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब, तशाच जागी उगवलेले भूछत्र असे अनेक अर्थ नोंदलेले आहेत. भूछत्र हा त्यांपैकी केवळ एक. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहाराच्या संदर्भात हा प्रश्न निःसंकोचपणे चर्चिला आहे. शिवाय पुटका हे भ्रमजनक नाही. ते खाण्याचे अळंबे आहे. त्यात जीव आहे, ते ताजेच खावे, अन्यथा त्यास प्रेतासारखी दुर्गंधी येते, असे संथाळांनी सांगितले. हे त्यांचे अन्नविषयक व सृष्टिविषयक ज्ञान झाले. त्यावर यज्ञाचा सोम लादणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी आपले वाक्य घालणे होय. आणि ज्या तथागतांनी यज्ञसंस्था नाकारली, त्यांच्या अखेरच्या घासात यज्ञाचे द्रव्य शोधणे, यात बौद्ध परंपरेला वैदिकांची शाखा ठरविण्याची जुनीच खोड आम्हांस दिसते. सुत्तातील खरा आशय लोहाराच्या मुलाविषयीच्या करुणेचा आहे. चुंदाला कोणी दोष देऊ नये, अशी काळजी तथागतांनी मरणासन्न अवस्थेत घेतली.

मग वनौषधींविषयी धम्माची भूमिका कोणती? विनयातील भेसज्जक्खंधक याचे स्पष्ट उत्तर देतो. पिलिंदवच्छ यांस वातविकार झाला असता वैद्यांच्या सांगण्यावरून तेलाच्या काढ्यात मद्य घालण्याची अनुज्ञा मिळाली. काही भिक्खूंनी मद्य अधिक घालून नशा केली, तेव्हा मद्याचा रंग, गंध व चव जाणवू नये एवढेच ते असावे, असा नियम झाला. त्याच प्रकरणात ‘भंगोदक’ येते. काहींनी त्याचा अर्थ भांगेचे पाणी असा केला; अट्ठकथा मात्र नाना प्रकारच्या पाल्याचे उकळलेले पाणी असा अर्थ देते. अर्थ कोणताही घेतला तरी ते अंग शेकण्यासाठी होते, पिण्यासाठी नव्हे. उलट नागाला वश करणारा सागत थेर उपासकांनी दिलेली दारू पिऊन कोसंबीच्या वेशीत पडला आणि सुरापानाचा नियम घडला. ऋद्धी असली तरी स्मृती हरपली, तर तिचा उपयोग काय? पाचव्या शीलातील ‘पमादट्ठान’ या शब्दाचा हाच मथितार्थ आहे.

येथे आदिवासींचा स्वतःचा शब्द धम्माच्या अधिक जवळ येतो. मेक्सिकोतील माझातेक उपचारिका मारिया साबिना यांच्याकडे वॅसन 1955 साली अळंब्यांच्या रात्रविधीस बसले आणि 1957 साली ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांनी लेख लिहिला. त्यात त्यांनी बाईंचे नाव बदलले होते. तरीही परक्यांची रीघ लागली व पुढे बाईंचे घर जाळले गेले. परके येण्यापूर्वी ही अळंबी केवळ देव शोधण्यासाठी कोणी घेत नसे, ती आजाऱ्यांसाठी होती, असे त्या सांगत. 1985 साली त्या दारिद्र्यातच वारल्या. कीर्ती दुसऱ्यांच्या वाट्याला आली.

अळंब्यातील द्रव्याने कर्करोगग्रस्तांचे नैराश्य व चिंता कमी झाल्याचे निष्कर्ष 2016 साली अमेरिकेतील विद्यापीठांनी प्रसिद्ध केले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. औषध वैद्याच्या देखरेखीखाली, आजाऱ्याला, मोजून द्यावे, यात शीलभंग नाही. परंतु औषधाला मार्ग म्हणणे निराळे. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे दिलेल्या 22 प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे, ती व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे पाहूनच. बांधावरच्या धोत्र्याने जीव जाऊ शकतो, हे खेड्यातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला परदेशी प्रयोगाच्या नावाखाली पुन्हा नशेकडे नेणारा, आणि आजाऱ्याला दवाखान्याऐवजी देवऋषीकडे नेणारा, असे दोघेही त्याची स्मृतीच हिरावून घेतात.

म्हणून त्या तरुणास आम्ही इतकेच सांगितले : संथाळांचे ज्ञान संथाळांच्या शब्दांत वाचावे, चुंदाचे भोजन सुत्ताच्या शब्दांत वाचावे, आणि दोहोंच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या भाष्यकाराला पुरावा विचारावा.