मागून उघडलेली झडप

भुसावळ-खंडवा मार्गावर सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं केळीच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ. इथून दिल्लीकडे केळी गेली ती मालडब्यांतून. असाच एक डबा, खऱ्याच्या १/८७ आकाराचा, सावद्याच्या एका हौशी स्नेह्यांनी माझ्या हातात ठेवला. मुळात तो बाजारात मिळणारा परदेशी बनावटीचा प्लास्टिकचा मालडबा. त्यांनी तो केळीचा केला.

नजर आधी झडपांवर जाते. साच्यातून निघालेल्या डब्याच्या झडपा नुसत्या उमटवलेल्या असतात, आरपार काही नसतं. केळीला तर वारा हवा. समोरून कोरायला जावं तर नाजूक पट्ट्या उडून जातात. म्हणून यांनी भिंत आतल्या बाजूने घासली. हत्यार रोटरी टूल. सगळे त्याला ड्रेमेलच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. मूळ ड्रेमेल कंपनी १९३२ सालची, अमेरिकेतली. या हत्यारात गोल डोक्याचा बर, म्हणजे कोरायचं छोटं टोक, लावायचा, भिंत मागून पातळ करत न्यायची आणि मधूनमधून उजेडाला धरून बघायची. दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिक सगळ्यात कमी, त्यामुळे फट तिथेच उघडते. समोरच्या बाजूला हत्याराचा ओरखडासुद्धा नाही. या डब्यातलं अस्सल काम हेच.

दाराची कडही तशीच बघा. १ मिमी जाडीची भिंत खऱ्या मापात ८.७ सेंमी होते. एवढ्या जाड पत्र्याचा डबा कोण बांधेल? इथे भिंत आहे तेवढीच ठेवून यांनी फक्त कड आतून उतरती केली. डोळा कडेवरूनच जाडी ठरवतो, त्यामुळे सगळा डबा पत्र्याचा वाटायला लागतो.

यात वेगाचा भाग मोठा. ही यंत्रं मिनिटाला ३५,००० फेऱ्यांपर्यंत जातात, आणि पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पूर्ण वेगात लावलं तर प्लास्टिक कापलं जात नाही, वितळून बरलाच गुंडाळतं. तेव्हा वेग अगदी कमी ठेवायचा, जरा टेकवायचं, लगेच उचलायचं. जळगावचे सोनार टांगलेली मोटर आणि लवचिक शाफ्ट वापरतात, वेग पायाच्या पॅडलवर. स्नेह्यांनी तीच मांडणी उचलली. बर दातांच्या दवाखान्यात वापरतात ते, २.३५ मिमी दांड्याचे. ड्रेमेलच्या नेहमीच्या ३.२ मिमी कोलेटमध्ये, म्हणजे दांडा धरणाऱ्या पकडीत, ते बसत नाहीत, धाकटं कोलेट लागतं.

खालच्या फळ्यांवरची झीज मात्र मला पटली नाही. सँडिंग ड्रम फिरवून केलेले खड्डे सगळे एकाच मापाचे दिसतात. हमालांच्या धक्क्यांनी झिजलेला डबा असा शिस्तीत झिजत नाही.

चाकांना त्यांनी हातच लावला नाही, हे बरं केलं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे या मापात सुमारे १९.३ मिमी, बाजारातला रूळ १६.५ मिमीचा. चाकं खरी केली असती तर डबा कोणाच्याच रुळावर चालला नसता.

कोणाला करून बघायचं असेल तर पहिला डबा मोडका घ्या. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. कापायची पातळ चकती फुटली की तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो.