खेळाडूंच्या मेंदूवरील आघाताचे मापन : एक चिकित्सा

खेळताना डोक्याला हिसका बसून मेंदूच्या कार्यात जो तात्पुरता बिघाड होतो, त्यास वैद्यकशास्त्रात 'कन्कशन' म्हणतात. असा आघात सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. त्यामुळे स्मरणशक्ती, एकाग्रता, प्रतिसादाचा वेग व शरीराचा तोल यांच्या चाचण्यांवर बव्हंशी विसंबून राहावे लागते. परंतु घट मोजावयाची तर मूळ पातळी ठाऊक असावी लागते. या मापनपद्धतीची खरी मर्यादा येथेच आहे.

मूळ पातळी ठरविण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात हंगामापूर्वी खेळाडूची चाचणी घेऊन आघातानंतरच्या गुणांशी तिची तुलना केली जाते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे विकसित झालेली 'इम्पॅक्ट' ही संगणकीय चाचणी याचे परिचित उदाहरण होय. मात्र आघातानंतर लवकर मैदानात परतता यावे म्हणून खेळाडू पूर्वचाचणीत मुद्दाम कमी गुण मिळवू शकतो. दुसऱ्या मार्गात, पूर्वचाचणी नसल्यास, समान गटातील व्यक्तींची सरासरी प्रमाण मानली जाते. हा गट कोणता, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही.

अमेरिकन फुटबॉलमधील निवृत्त खेळाडू व 'एनएफएल' यांच्यातील नुकसानभरपाईच्या तडजोडीस २०१५ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली. तीनुसार स्मृतिभ्रंशाचे दावे तपासताना वय व शिक्षण यांबरोबर वंशही विचारात घेतला जाई. कृष्णवर्णीयांची मूळ पातळीच कमी गृहीत धरल्याने, श्वेतवर्णीय खेळाडूइतकेच गुण मिळूनही त्यांची घट कमी ठरे. केविन हेन्री व नाजेह डेव्हनपोर्ट या माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध दाद मागितली. २०२१ मध्ये 'एनएफएल'ने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले व २०२२ मध्ये वंशनिरपेक्ष पद्धतीस न्यायालयाची संमती मिळाली.

वंशनिहाय सरासरीमागे, निकोप व्यक्तीस चुकीने रुग्ण ठरविले जाऊ नये, असा हेतू होता, हे मान्य करावे लागेल. तथापि शिक्षण व संधी यांतील विषमतेचे परिणाम तिने वर्णाच्या नावे जमा केले. रुग्णालयात सावधगिरी म्हणून वापरलेले प्रमाण भरपाईच्या दाव्यात अडसर ठरले. मापनपट्टी तीच राहिली. तिचे प्रयोजन बदलले.

सारांश, मेंदूची हानी मोजणारी चाचणी कितीही काटेकोर असली तरी तिचा निष्कर्ष आधी गृहीत धरलेल्या पातळीइतकाच विश्वसनीय असतो. म्हणूनच गुणांबरोबर ते कोणत्या प्रमाणाशी ताडले, हेही खेळाडूस सांगितले जाणे अगत्याचे आहे.