कोडाईकनालचा पारा: कुंपणाच्या आतलं गणित पुरेसं आहे का?

पर्यावरण विषयात पीएचडीची तयारी करत असाल, तर कोडाईकनालचं प्रकरण कधी ना कधी तुमच्यासमोर येईलच. तमिळनाडूतल्या या थंड हवेच्या ठिकाणी हिंदुस्तान युनिलिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. पारा लागलेली फुटकी काच भंगारात सापडली आणि २००१ मध्ये तो बंद झाला. पुढे बरीच वर्षं वाद एका आकड्याभोवती फिरला: कारखान्याच्या मातीतला पारा किती खाली आणला की जागा साफ झाली म्हणायचं? किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा मान्य झाली. विरोधकांनी विचारलं, ब्रिटनमध्ये १ मिलिग्रॅम, मग इथे २० का?

प्रश्न रास्त आहे, पण तुलना अर्धवट आहे. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत राहत्या जागेसाठी पाऱ्याचे तीन आकडे आहेत. मूलद्रव्य रूपातला पारा १, मिथाइल पारा ११ आणि असेंद्रिय पारा १७० मिलिग्रॅम. मूलद्रव्य पाऱ्याची साध्या तापमानालाही वाफ होते आणि ती श्वासातून जाते, म्हणून तो आकडा इतका कमी. आता ‘एकूण पारा २०’ हा आकडा कशाशी ताडणार? १ शी ताडला तर भयानक वाटतो, १७० शी ताडला तर अगदी सुरक्षित. मातीत कुठलं रूप किती आहे हे मोजल्याशिवाय दोन्ही निष्कर्ष कच्चेच. अर्थात थर्मामीटरमधून सांडतो तो मूलद्रव्य पाराच. त्यामुळे ‘इथे १ लागू होत नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी २० म्हणणाऱ्यांवर येते.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. मातीची मर्यादा फक्त मागे उरलेला पारा मोजते. वाफ होऊन उडून गेला, त्याचं काय?

इथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादमधल्या शास्त्रज्ञांचं काम वाचा. २००३ च्या त्यांच्या शोधनिबंधात लायकेन आणि मॉस यांतला पारा मोजलाय. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं कुळ. त्याला मुळं नसतात, जे घ्यायचं ते मुख्यतः हवेतून आणि पावसातून. कोडाईकनालच्या नमुन्यांत पारा इतर ठिकाणांपेक्षा खूपच जास्त निघाला. मग २००६ मध्ये त्यांनी तिथल्या तलावाचं पाणी, गाळ आणि मासे तपासले. त्यातही पारा सापडला. कारखान्याचा उतार दक्षिणेला पांबार शोला जंगलाकडे जातो आणि तलाव डोंगराच्या दुसऱ्या बाजूला आहे. म्हणजे सांडपाण्याचा मार्ग बसत नाही, हवेचा बसतो.

पण हेही डोळे झाकून स्वीकारू नका. पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच मूलद्रव्य पाऱ्याचं असेंद्रिय रूपात ‘संभाव्य’ रूपांतर असं म्हटलंय. उद्धृत करताना तो ‘संभाव्य’ गाळू नका. शिवाय पाऱ्याची वाफ हवेत कित्येक महिने टिकते, त्यामुळे तिचा मोठा भाग दूर कुठेतरी जाऊन पडतो. दगडफूल ‘पारा हवेतून इथे आला’ एवढं सांगू शकतं, ‘एकूण किती गेला’ हे नाही.

म्हणून सोपी सवय लावून घ्या. पाऱ्यावरचा कुठलाही अहवाल हातात आला की तीन गोष्टी शोधा: कुठलं रूप मोजलं, कुठल्या मार्गाने आलं आणि कुंपणाबाहेर मोजलं की नाही. यातली एक जरी नसेल, तर ‘जागा साफ झाली’ याचा अर्थ फक्त ‘कारखान्याची माती साफ झाली’ इतकाच होतो. तलावात पडलेला पारा तिथल्या गाळात मिथाइल होऊन माशांत साठत राहू शकतो, आणि ते मासे खाणाऱ्यांना २० मिलिग्रॅमच्या मर्यादेने काहीच संरक्षण मिळत नाही. प्रस्ताव लिहाल तेव्हा ही उरलेली बाजू विषय म्हणून घ्यायचा विचार जरूर करा.