प्रतिपक्षाच्या ओसरीवर

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे हरलेल्या पक्षाच्या सुशिक्षित मंडळींत एक प्रश्न हटकून ऐकूं येतो: ‘या लोकांनीं असें मत दिलें तरी कां?’ प्रश्नाचें रूप जिज्ञासेचें असतें. परंतु विचारणाराचा स्वर नीट ऐकला तर त्याला उत्तर नको असून दुजोरा तेवढा हवा आहे, हें ध्यानांत यावयास वेळ लागत नाहीं. अमेरिकेंत २०१६ सालच्या नोव्हेंबरांत डोनाल्ड ट्रंप अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हां हाच प्रश्न तेथील विद्यापीठांतून व वृत्तपत्रांतून मोठ्या व्याकुळतेनें विचारला गेला. उत्तरादाखल ज्या पुस्तकांकडे वाचकांनीं धांव घेतली, त्यांत आर्ली रसेल हॉकशील्ड यांचें ‘स्ट्रेंजर्स इन देअर ओन लँड’ हें पुस्तक अग्रभागीं होतें. तें निकालापूर्वीं कांहीं आठवडेच प्रसिद्ध झालें होतें. त्यानंतर ट्रंप २०२० सालीं हरले, २०२४ सालीं पुन्हां निवडून आले, आणि या दुसऱ्या विजयांत एकूण मतांतहि आघाडीवर राहिले. परपक्षाचें मन या पुस्तकानें उकलून दाखविलें, अशी ग्वाही त्या वेळीं पुष्कळांनीं दिली होती. त्या ग्वाहीची आतां शांतपणें पारख करावी, म्हणून आम्हीं तें पुन्हां वाचलें.

हॉकशील्डबाई कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत समाजशास्त्राच्या अध्यापिका होत्या. विमानांतील परिचारिकांस पगारासाठीं मुखावर हंसूं कसें बाळगावें लागतें, नोकरी करणाऱ्या स्त्रीस घरीं परतल्यावर कामाची दुसरी पाळी कशी करावी लागते, या विषयांवरील त्यांचीं पुस्तकें १९८३ व १९८९ सालीं निघालीं आणि त्यांनीं बाईंस कीर्ति मिळवून दिली. बर्कली हें उदारमतवाद्यांचें माहेरघर. तेथून ही सत्तरी ओलांडलेली बाई २०११ सालापासून पांच वर्षें वरचेवर लुइझियाना संस्थानाच्या नैर्ऋत्य भागांत, लेक चार्ल्स या शहराच्या आसपास जात राहिली. साठ माणसांशीं त्या बोलल्या. पैकीं चाळीस जण ‘टी पार्टी’चे, म्हणजे सरकारनें आपले कर व कायदे आंखडते घ्यावे असा आग्रह धरणाऱ्या चळवळीचे, समर्थक होते. बाई त्यांच्या स्वयंपाकघरांत बसल्या, त्यांच्याबरोबर प्रार्थनेस गेल्या, त्यांच्या मोटारींतून गांवोगांव हिंडल्या. पाहुणी म्हणून ज्याच्या घरचें अन्न खावें त्याच्याविषयीं लिहितांना लेखणी एक तर बोथट होते किंवा कृतघ्न होते. बाईंची लेखणी यांपैकीं कांहींच झाली नाहीं, ही गोष्ट लहान नाहीं.

त्यांस पडलेलें कोडें असें. लुइझियाना हें गरीब आणि प्रकृतीनें दुबळें संस्थान. तेलाच्या व रसायनांच्या कारखान्यांनीं तेथील पाणी नासलें आहे, आणि मध्यवर्ती सरकारच्या पैशावांचून त्याचा कारभार चालणें कठीण. तरीहि त्याच सरकारविषयीं तेथें सर्वांत अधिक तिटकारा. २०१० सालच्या एप्रिलांत मेक्सिकोच्या आखातांतील तेलाच्या विहिरीवर स्फोट होऊन अकरा कामगार दगावले आणि जवळजवळ तीन महिने समुद्रांत तेल पसरत राहिलें. ओबामा सरकारनें खोल समुद्रांत नव्या विहिरी खोदण्यास तात्पुरती बंदी केली, तेव्हां लुइझियानांतील पुष्कळ लोक तेल सांडणाऱ्यांपेक्षां बंदी घालणाऱ्यांवरच अधिक उखडले.

पुस्तकाचें खरें बळ त्यांतील माणसांत आहे. एक गृहस्थ रसायनांच्या कारखान्यांत नोकरीस होते. वरिष्ठांच्या हुकुमावरून त्यांनीं विषारी गाळ जवळच्या ओढ्यांत लपूनछपून वारंवार सोडला. पुढें त्या रसायनांनींच त्यांची प्रकृति बिघडली आणि कारखान्यानें त्यांस काढून टाकलें. तेथले मासे खाणें अपायकारक आहे असा सरकारी इशारा निघाल्यावर १९८७ सालीं संतापलेल्या कोळ्यांची सभा भरली, तेव्हां हे गृहस्थ ‘विष टाकणारा मीच’ अशा अर्थाची पाटी हातीं धरून सर्वांसमक्ष उभे राहिले. वृद्धापकाळीं हेच गृहस्थ, सरकारी बंधनें उठवा म्हणणाऱ्या उमेदवारांचा प्रचार करतांना आपणांस भेटतात. त्याच ओढ्याच्या कांठीं एक भाविक वृद्ध दांपत्य राहतें. त्यांच्या लहानपणींचीं उंच सायप्रस झाडें वाळून उभीं आहेत, मासे गेले, आप्तांपैकीं कित्येक कर्करोगानें गेले. मत मात्र तीं दोघें बायबलाचा मान राखणाऱ्या उमेदवारास देतात. तिसऱ्या एकाचें घर २०१२ सालीं बायू कोर्न येथें गेलें. जमिनीखालील मिठाच्या डोंगरांत एका कंपनीनें पोखरलेली पोकळी ढांसळली, वर चिखलाचें तळें झालें, आणि तें वाढत वाढत तीस एकरांहून मोठें झालें. हा मनुष्य पुढें प्रदूषणाविरुद्ध हिरिरीनें लढूं लागला; पण मध्यवर्ती सरकारचें पर्यावरण खातें असावें, हें त्यास शेवटपर्यंत पटलें नाहीं.

या माणसांच्या मनांत शिरण्यासाठीं बाई एक रूपक योजतात. त्यास आपण अंतःकथा म्हणूं. डोंगराच्या चढणीवर लांबच लांब रांग लागली आहे. पलीकडच्या उतारावर सुखाचें घर आहे. तुम्ही आयुष्यभर कष्ट करून, नियम पाळून, रांगेंत उभे आहां. रांग मात्र हालत नाहीं. इतक्यांत पुढें कोणी घुसतांना दिसतात: काळे लोक, स्त्रिया, परदेशांतून आलेले, निर्वासित. रांगेवर देखरेख करणारा अध्यक्षच त्यांस हात देत आहे, आणि तुम्हीं कुरकुर केली तर वरून तुम्हांसच असंस्कृत म्हणून हिणविलें जातें. ही कहाणी रचून झाल्यावर बाईंनीं ती त्या माणसांसच ऐकविली, आणि ‘होय, हें आमचेंच आहे’ अशी पावती घेतली. ती खरी की खोटी हा प्रश्न त्या बाजूस ठेवतात. ती तशी वाटते, एवढेंच त्यांचें म्हणणें.

येथपर्यंत आम्ही बाईंबरोबर आहों. आमचा मतभेद याच ठिकाणीं सुरू होतो. पुस्तकांत एका तक्रारीचा उल्लेख आहे. कोळ्याच्या होडींतून तेलाचे चार थेंब सांडले तर अंमलदार त्यास तेथल्या तेथें दंड करतो. मोठ्या कंपनीनें हजारों गॅलन सांडलें तर तिकडे कानाडोळा होतो. आम्हीं हा मजकूर दोनदां वाचला. ही तक्रार आम्हांस भावना वाटत नाहीं. हा अनुभवावर उभा असलेला युक्तिवाद आहे: जें सरकार बलिष्ठास सोडतें आणि दुबळ्यास धरतें, त्याच्या हातीं आणखी अधिकार कां द्यावे? याला उत्तर आहे. तें असें कीं, रखवालदार लांच खातो म्हणून कोणी कुलूप काढून टाकीत नाहीं. आणि परवाने देणारें लुइझियानाचें सरकार व नियम करणारें मध्यवर्ती सरकार यांत फरक करावयास हवा. त्यावरहि प्रत्युत्तर असूं शकेल. परंतु हा वाद पुस्तकांत रंगतच नाहीं. युक्तिवाद मांडणारा बोलत असतो, आणि ऐकणारी विदुषी त्याच्या बोलण्याखालीं कोणतें दुःख दडलें आहे तें टिपीत असते. वैद्य नाडी पाहूं लागला म्हणजे रोगी काय म्हणतो इकडे त्याचें लक्ष नसतें, तसें कांहीं तरी येथें झालें आहे.

याचा पुरावा खुद्द पुस्तकाच्या रचनेंतच सांपडतो. शेवटीं एक परिशिष्ट आहे. लोकांपैकीं कितीजण सरकारी नोकरींत आहेत, कडक नियमांमुळें नोकऱ्या खरोखर कमी होतात काय, मदत घेणारे लोक काम करीत नाहींत हें खरें काय, अशा प्रचलित समजुती तेथें आंकड्यांनीं तपासल्या आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक टिकत नाहींत असें दाखविलें आहे. परिशिष्ट मोठें उपयुक्त आहे. पण तें कोणासाठीं? रांगेची कहाणी बाई ज्यांच्याकडे पडताळून पाहावयास घेऊन गेल्या, त्यांच्यापुढें हे आंकडे ठेवून ‘यावर तुमचें काय म्हणणें?’ असें त्यांनीं विचारल्याचें पुस्तकांत दिसत नाहीं. कहाणी यजमानांस आणि आंकडे बर्कलीच्या वाचकांस, अशी ही वांटणी झाली आहे. पाहुणचाराची मर्यादा म्हणून बाई गप्प राहिल्या असतील; परंतु ज्याचें म्हणणें आपण खोडण्याच्याहि लायकीचें मानीत नाहीं, त्यास आपण समजून घेतलें असें म्हणणें कितपत योग्य?

आणखी एक उणीव थोडक्यांत सांगतों. रांगेंत पुढें घुसणारे म्हणून ज्यांची नांवें येतात, त्यांतला कोणीच या ओसरीवर येऊन बोलत नाहीं. लुइझियानांत दर तीन माणसांमागें सुमारें एक काळा आहे, आणि त्याच कारखान्यांचा धूर तोहि श्वासांत घेतो. उदारमतवाद्यांचीहि एक अंतःकथा असते हें बाईंनीं शेवटच्या प्रकरणांत मान्य केलें आहे, पण ती कांहीं परिच्छेदांत उरकली आहे. परक्याच्या मनास शेंकडों पानें आणि स्वतःच्या मनास दोन!

याच्या शेजारीं कॅथरीन क्रेमर यांचें ‘द पॉलिटिक्स ऑफ रिझेंटमेंट’ हें त्याच वर्षीं निघालेलें पुस्तक ठेवून पाहावें. त्याला तितकें नांव मिळालें नाहीं आणि तें तितकें सुंदर लिहिलेलेंहि नाहीं. कांहीं प्रकरणें तर कंटाळवाणीं आहेत. क्रेमरबाई विस्कॉन्सिन संस्थानाच्या मॅडिसन येथील विद्यापीठांत राज्यशास्त्र शिकवीत. २००७ सालापासून त्या संस्थानांतील सत्तावीस ठिकाणीं त्यांनीं फेऱ्या घातल्या. पण मुलाखती घेण्याऐवजीं, पेट्रोलपंपावर किंवा खाणावळींत सकाळीं कॉफीला जमणारीं जीं टोळकीं आधींपासूनच होतीं, त्यांत जाऊन बसल्या. तेथें माणसें बाईंशीं कमी आणि एकमेकांशीं जास्त बोलतात, एकमेकांस तोडतात, थट्टा करतात. ‘आमचा कर मॅडिसनला जातो, परत कांहीं येत नाहीं’ ही त्यांची कायमची कुरकुर. प्राध्यापकांच्या पगारावर आणि कामाच्या तासांवर टोमणे निघतात, आणि समोर बसलेली प्राध्यापिका ते सोसून घेते. खेड्यांस वांटा कमी मिळतो या समजुतीस आंकडे पुरता आधार देत नाहींत, हें त्या लपवीत नाहींत. तरी खेडूत पैशाच्या हिशेबाबरोबर अधिकाराचा आणि मानाचा हिशेबहि मागत आहे, हें दाखवून देतात. २०११ सालीं गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनीं सरकारी नोकरांच्या संघांचे हक्क छाटले, तेव्हां मॅडिसनमध्यें हजारों लोक रस्त्यावर आले. परंतु या टोळक्यांतील कित्येकांस गव्हर्नरांचें करणें रास्त वाटलें. २०१६ सालीं ट्रंप यांनीं हें संस्थान तेवीस हजारांहून कमी मतांनीं जिंकलें. क्रेमरबाईंचें पुस्तक वाचलेल्यास त्याचा अचंबा वाटण्याचें कारण नव्हतें.

(याच हंगामांत गाजलेल्या ‘हिलबिली एलेजी’चा विचार आम्हीं मुद्दाम टाळला आहे. त्या वेळीं त्याचे लेखक व्हान्स हे ट्रंपांचे टीकाकार होते आणि उदारमतवादी वाचक त्यांस दुभाष्या समजत. २०२५ च्या जानेवारींत ते ट्रंपांचे उपाध्यक्ष झाले. तें पुस्तक ज्यांनीं भेट म्हणून वांटलें, त्यांनीं याचा विचार स्वतःच करावा.)

आमच्याकडील जुन्या वादांची येथें सहज आठवण होते. टिळक आणि गोखले यांनीं एकमेकांच्या अंतःकरणाचा ठाव घेण्यासाठीं फारसे श्रम घेतले असतील असें दिसत नाहीं. सुरतेस १९०७ सालीं काय झालें तें सर्वश्रुत आहे, आणि त्यांत अभिमान बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. तथापि दोघेहि एकमेकांचें म्हणणें खोडण्याइतकें मोलाचें मानीत. १९१५ सालीं गोखले वारले तेव्हां टिळक सिंहगडावरून पुण्यास आले आणि स्मशानांत त्यांच्याविषयीं गौरवानें बोलले. त्या गौरवांत ढोंग नव्हतें, कारण आधींच्या विरोधांतहि ढोंग नव्हतें.

हें सारें आम्हीं निव्वळ समीक्षकाच्या अलिप्ततेनें लिहीत नाहीं, हेंहि सांगून टाकतों. आमचे एक शाळूसोबती तीस वर्षांपासून अमेरिकेंत आहेत. आतां तेथले नागरिक आहेत. २०२४ सालीं त्यांनीं ट्रंप यांस मत दिल्याचें कळलें, तेव्हां आमचा राग अनावर झाला आणि बोलणें कांहीं महिने बंद पडलें. मग आम्हीं त्यांस समजून घेण्याचें ठरविलें. हॉकशील्डबाईंच्या पद्धतीनें, मध्यें न बोलतां, फोनवर तासभर ऐकलें, आणि शेवटीं रांगेची कहाणी त्यांस सांगितली. आम्हांस वाटलें होतें, परदेशांतून गेलेला हा मनुष्य त्या कहाणींत घुसखोरांच्या बाजूस असल्यामुळें ओशाळेल. तो हंसला. म्हणाला, “अरे, रांग मला काय सांगतोस? ग्रीन कार्डासाठीं अकरा वर्षें मी रांगेंतच काढलीं. पण तूं तासभर माझी कहाणी ऐकलीस, आणि सीमेचा कायदा पाळावा कीं नाहीं, शाळेंत काय शिकवावें हें आईबापांनीं ठरवावें कीं नाहीं, या माझ्या दोन प्रश्नांवर एक अक्षर बोलला नाहींस. मी काय आजारी आहें?”

आम्हांपाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. पुढच्या रविवारीं आम्हीं त्यांस सविस्तर पत्र लिहिलें. त्यांत सहानुभूतीचा शब्दहि नव्हता. त्यांचे दोन प्रश्न घेऊन त्यांचें कोठें चुकतें तें कलमवार मांडलें होतें. आठ दिवसांत उलट उत्तर आलें, तें आमच्या पत्राच्या दुप्पट लांब आणि चांगलेंच तिखट. शाळेच्या प्रश्नावर त्यांनीं काढलेला एक मुद्दा आम्हांस अद्याप खोडतां आलेला नाहीं.