ॲशमोलियन संग्रहालयांतील संस्कृतिसंगम : एक परीक्षण

ऑक्सफर्ड विद्यापीठाचें ॲशमोलियन संग्रहालय इ. स. १६८३ मध्यें लोकांस खुलें झालें. इ. स. २००९ मध्यें रिक मेदर या वास्तुशिल्पकारानें आंखलेल्या नव्या इमारतींत त्याची मांडणी मुळापासून बदलण्यांत आली. पूर्वीं पुरावशेष, पाश्चात्य कला, पौरस्त्य कला, नाणीं अशीं खातीं जशीं वेगळालीं होतीं, तशीं दालनेंही वेगळालीं असत. आतां भिन्न भिन्न संस्कृति परस्परांस कोठें व कशा भेटल्या, हेंच मांडणीचें मुख्य सूत्र आहे. तळमजल्यावर प्राचीन जग. त्याच्यावर आशियांतील मार्गांचा संगम. त्याहून वर पूर्व-पश्चिमेची गांठ. तळघरांत वस्त्रें, लेखन-वाचन, चलन असे विषय घेऊन अनेक देशांच्या वस्तु एकत्र ठेविल्या आहेत.

या मांडणीचा गुण प्रथम सांगणें उचित होय. वायव्येकडील यवन राजांचीं नाणीं घ्यावीं. एका बाजूस ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस त्याच राजाचें नांव खरोष्ठी लिपींत व प्राकृत भाषेंत. असें नाणें केवळ ग्रीक दालनांत ठेविलें तर त्याची पाठ मुकी होते, केवळ भारतीय दालनांत ठेविलें तर तोंड मुकें होतें. नव्या पद्धतीनें दोन्ही बाजू बोलत्या होतात. नाण्यांच्या व लिपींच्या अभ्यासकास हा लाभ थोडका नव्हे.

आमचा आक्षेप निराळाच आहे. वस्तूनें प्राचीन काळीं केलेला प्रवास ही मांडणी हौसेनें सांगते. परंतु त्याच वस्तूनें आपल्या मूळ ठिकाणापासून या कपाटापर्यंत केलेला शेवटचा प्रवास सांगण्याची वेळ आली कीं, चिठ्ठी आंखडती होते. दात्याचें नांव किंवा खरेदीचें वर्ष, आणि नोंदीचा अनुक्रमांक, एवढ्यावर भागविण्याचा संग्रहालयांचा सार्वत्रिक रिवाज आहे. संस्कृतींची भेट झाली हें खरें. पण ती भेट पाहुण्याच्या संमतीनें झाली किंवा कसें, हा प्रश्न इतिहासाच्या बाहेरचा नाहीं.

याचें ढळढळीत उदाहरण याच संग्रहालयांत घडलें. तिरुमंगै आळवार यांची सोळाव्या शतकांतील एक कांस्यमूर्ति संग्रहालयानें इ. स. १९६७ मध्यें लंडन येथील सोदबीच्या लिलांवांत विकत घेतली. ती एका खासगी संग्राहकाच्या संचयांतून आली होती. संग्रहालयानें ती सद्भावानें घेतली, याविषयीं शंका घेण्याचें कारण दिसत नाहीं. परंतु पांडिचेरी येथील फ्रेंच संस्थेनें दक्षिणेंतील देवळांचीं जीं लाखावर छायाचित्रें संग्रहीं ठेविलीं आहेत, त्यांतील १९५७ च्या एका चित्रांत हीच मूर्ति दिंडिगलजवळील ताडिकोंबू येथील सौंदरराज पेरुमाळाच्या देवळांत उभी असलेली एका स्वतंत्र अभ्यासकास आढळली. ही गोष्ट कळल्यावर संग्रहालयानें इ. स. २०१९ मध्यें आपण होऊन भारतीय उच्चायुक्तालयास कळविलें, व मार्च २०२४ मध्यें विद्यापीठाच्या कौन्सिलानें मूर्ति परत करण्यास संमति दिली. या सरळ वर्तनाची आम्हीं मनःपूर्वक प्रशंसा करतों.

तथापि सनांचा मेळ पाहावा. १९५७ मध्यें मूर्ति देवळांत. १९६७ मध्यें लंडनच्या बाजारांत. संग्रहालयांच्या जगांत १९७० चा युनेस्कोचा करार ही एक सोयीची सीमारेषा होऊन बसली आहे. त्यापूर्वींच्या खरेदीची फारशी विचारपूस होत नाहीं. परंतु पुराणवस्तु परवान्यावांचून बाहेर नेण्यास बंदी करणारा आपल्याकडील कायदा १९४७ चा आहे. म्हणजे ज्या वस्तूबद्दल तिकडे विचारण्याचें कारण वाटत नाहीं, तिच्याबद्दल इकडे विचारण्याचा अधिकार तेव्हांही होता. (तिरुमंगै आळवार पूर्वाश्रमीं वाटमारी करीत, आणि श्रीरंगमच्या देवळासाठीं त्यांनीं नागपट्टणची सोन्याची बुद्धमूर्ति पळविली, असें वैष्णवांची परंपरा सांगते. त्यांच्याच मूर्तीवर असा प्रसंग यावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.)

जुन्या काळीं अशी नोंद ठेवण्याची रीत नव्हती, असें कोणी म्हणेल तर तें टिकणारें नाहीं. बंगालमधील कंपनीचा अधिकारी सर विल्यम हेजेस यानें गंगामुखाजवळील सागरद्वीपाहून आणलेली विष्णूची पाषाणमूर्ति याच संग्रहालयास इ. स. १६८६ च्या सुमारास दिली. दाता कोण, स्थळ कोणतें, हें सवातीनशें वर्षांनंतरही सांगतां येतें. मूर्ति तेथून उचलणें योग्य होतें कीं नाहीं हा वाद निराळा. पण वाद करावयास आधार तरी आहे. आळवारांच्या मूर्तीबाबत तो आधार संग्रहालयाच्या दप्तरांतून मिळाला नाहीं, परक्या संस्थेच्या छायाचित्रांतून मिळाला.

अर्थात् नोंद आहे म्हणजे ती खरीच, असेंही नव्हे. संग्रहालयाच्या मूळ संचयांत अमेरिकेंतील मृगचर्मांचें, शिंपल्यांच्या मण्यांनीं नक्षी काढलेलें एक वस्त्र आहे. इ. स. १६५६ च्या ट्रेडस्कंटांच्या यादीच्या आधारें तें व्हर्जीनियांतील पॉहॅटन राजाचा झगा म्हणून प्रसिद्ध झालें. आज तें अंगावर घ्यावयाचें वस्त्र होतें कीं नाहीं याचीच विद्वानांस शंका आहे. आणि हा मूळ संचय तरी ॲशमोलास निर्वेधपणें कोठें मिळाला? दानपत्राच्या बळावर त्यानें हक्क सांगितला, ट्रेडस्कंटाच्या विधवेनें तो नाकारला, आणि प्रकरण न्यायासनापर्यंत गेलें. अशा संस्थेनें स्वामित्वाच्या कागदांचें महत्त्व इतरांपेक्षां अधिक जाणावें, ही अपेक्षा गैर नाहीं.

एखादा जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणाच्या दप्तरांतला, कोणत्या गांवचा, कोणी दिला, हें आपल्याकडील संशोधक प्रथम विचारतो. राजवाड्यांपासून ही शिस्त चालत आली आहे. तीच कसोटी आम्हीं येथें लावीत आहों. प्रत्येक चिठ्ठीवर ठाव ज्ञात असलेलें शेवटचें स्थळ, त्याचा सन, आणि मधला खंड असेल तर ‘खंड’ हा शब्द, इतकें छापावें. नाण्यांच्या बाबतींत हें दुर्घट आहे, कारण तीं ढिगांनीं विकलीं जातात. मूर्ति, ताम्रपट व पोथ्या यांबाबत मात्र ती सबब चालावयाची नाहीं.