पडद्यावरचे रक्त

दिवाळीच्या अंकात रक्ताचा विषय! फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून एखाद्या गृहिणीने कपाळाला आठी घातली, तर तिला दोष देता येणार नाही. परंतु जरा आठवून पाहावे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आपण कोकणातली माणसे तुळशीपाशी जातो आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो. ते कारीट म्हणजे नरकासुर. त्याचा कडू रस कोणी जिभेला लावतो, कोणी कपाळाला. तो रस लाल नसतो. तरी असुर मेला याविषयी घरातल्या तीन वर्षांच्या पोरालाही शंका उरत नाही. लटक्या रक्ताची ही आपली घरगुती, बिनखर्चाची कला आहे. तिचे मर्म एवढेच की, तो रस कोणाला तरी लागतो. पायाला ओला लागतो, जिभेला कडू लागतो.

हे ‘लागणे’ मला पडद्यावरच्या रक्ताबाबत फार महत्त्वाचे वाटते. हल्ली थोड्या पैशांत चित्रपट करणाऱ्यांपुढे दोन रक्ते असतात. एक वाटीत कालवलेले, दुसरे संगणकावर मागाहून चढवलेले. दोहोंपैकी कोणते बरे, असा वाद तरुण मंडळींत चालतो. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी चालला आहे. प्रश्न रक्त कोठून आले हा नाही. ते कोणाला लागले हा आहे.

आपल्या चित्रपटाच्या बाल्यावस्थेतच हा प्रश्न उभा राहिला होता. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. त्यातला भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब वठला की, सेन्सॉरने तो कापावयास लावला. आता गंमत पाहा. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते सारे काळे उमटे. म्हणजे कुंकू असो वा काजळ, पडद्यावर दोन्ही सारखीच! रंगाचे साहाय्य शून्य, आवाजाचे शून्य, आणि तरीही कात्री चालली. पुढे १९३३ साली प्रभात कंपनीने त्याच कथेवर व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली रंगीत ‘सैरंध्री’ काढण्याचा घाट घातला. फिल्म प्रक्रियेसाठी जर्मनीपर्यंत गेली. पण रंग काही मनाजोगे उतरले नाहीत. रंग नसलेली सैरंध्री अंगावर आली आणि रंगवलेली फिकी पडली. हिचकॉकने १९६० साली ‘सायको’त न्हाणीघरातला खून दाखवला, तेव्हा मोरीतून वाहत गेले ते चॉकलेटचे सिरप होते. कृष्णधवल चित्रात त्याचा दाटपणा तेवढा रक्तासारखा दिसला, आणि तेवढाच पुरला.

रंगीत चित्रात मात्र वाटीतल्या रक्ताची परीक्षा कठीण असते. अमेरिकेतील रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी मक्याच्या सिरपात खाण्याचे रंग मिसळून जे रक्त तयार केले, ते पुढे साऱ्या जगाने उचलले. आपल्याकडे तेच सिरप बेकरीचा माल विकणाऱ्या दुकानात ‘लिक्विड ग्लुकोज’ या नावाने मिळते. त्यात खाण्याचा लाल रंग, थेंबभर निळा, आणि पारदर्शकपणा मोडण्यासाठी चिमूटभर कोको घातला की काम भागते. साखरेचा पाक वापरू नये. तो आटला की दाणे धरतो. या रक्ताचे दोष ज्याने ते वापरले त्यालाच ठाऊक. खरे रक्त वाळताना तपकिरी होते, कारण त्यातल्या लोहाचे रूप हवेने पालटते. सिरप मात्र दुसऱ्या दिवशीही ओले, चकचकीत, लालच राहते. म्हणून ‘सकाळी सापडलेल्या’ सदऱ्यासाठी वेगळे, कोको वाढवलेले मिश्रण लागते. त्यात पोलादपूरचा पाऊस ते क्षणात धुऊन नेतो, आणि पाऊस नसला तर मुंग्या मृत नायकाला सुखाने मरू देत नाहीत!

येथे आमच्या औद्योगिक वसाहतीपुरती एक सूचना केलीच पाहिजे. रसायनांच्या कारखान्यांत वावरणाऱ्या माणसाला वाटते, चिमूटभर लाल पूड आणली तर बिघडले कोठे? पुष्कळच बिघडले. कापडाचा रंग हा कातडीचा रंग नव्हे. रोडामिन-बी दिसते झकास. पण खाण्याच्या पदार्थांत त्याला मनाई आहे, आणि नटाच्या ओठावरून ओघळणारे रक्त पोटात जातेच. कार्मोइसिन, पाँसो ४आर असे खाण्यास परवानगी असलेले रंग वाण्याकडे मिळत असता हा उद्योग कशाला?

संगणकातल्या रक्ताला मुंग्या लागत नाहीत. त्याने सदरा खराब होत नाही, म्हणून दृश्य दहा वेळा घेता येते. डेव्हिड फिंचर या अमेरिकन दिग्दर्शकाने २००७ च्या ‘झोडिअ‍ॅक’मध्ये रक्त संगणकाने घातले, ते याच हिशेबाने. तो एकेक शॉट अनेकदा घेणारा माणूस. दर वेळी कपडे बदलायचे तर दिवस सरावा. त्याच्यापाशी पैसा होता, कसबी माणसे होती. आपल्याकडच्या पोरांपाशी ब्लेंडरसारखी फुकट मिळणारी साधने आहेत आणि रात्री आहेत. साधन तेच असले तरी अडचण येते ती अशी की, चढवलेले रक्त सदऱ्याच्या घडीबरोबर हलत नाही, घसरते. त्यावर खोलीतल्या दिव्याचा उजेड पडत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ज्याच्या अंगावर ते उडते त्या नटाला त्याची वार्ताच नसते!

आमच्या वसाहतीतल्या काही मुलांनी केलेला वीस-एक मिनिटांचा चित्रपट गणपतीच्या मांडवात पांढऱ्या पडद्यावर दाखवला गेला. मुले पाळ्यांची नोकरी करणारी. गोष्ट साधी: रात्रपाळी करून पोलादपूरच्या रस्त्याने मोटारसायकलवर घरी निघालेला एक कामगार घाटात पडतो. पडतो त्या क्षणी संगणकाचे रक्त असे उसळले की पडद्याचा निम्मा भाग लाल झाला. मांडव हसला. मागच्या बाजूला कोणी शिट्टीही घातली. पुढे सकाळ होते. त्याची बायको दगडावर बसून त्याचा सदरा धुते आहे. ती काही बोलत नाही. तिच्या बोटांमधून गुलाबी पाणी निघते, दगडावरून उतरते, मोरीकडे जाते. ती पुन्हा पाणी ओतते, आणि पुन्हा तेच. येथे मांडव एकाएकी गप्प झाला. माझ्या पुढच्या रांगेत बायका बसल्या होत्या. नवऱ्याचे, मुलाचे कामाचे कपडे रोज धुणाऱ्या. कोणता डाग कशाचा हे त्यांना ओळखता येते. भोंगा अवेळी वाजला की ज्यांचा हात कामात थांबतो अशा बायकांना पडद्यावरचे रक्त खोटे आहे हे ठाऊक असूनही त्या पाण्याकडे पाहवेना.

मग मी हिशेब विचारला. पहिल्या शॉटला तीन रात्री संगणक चालला होता. दुसऱ्याला लागले होते वाटीभर सिरप आणि एक जुना सदरा.

भरताने बीभत्स रसात रक्तादिकांपासून उपजणारा ‘क्षोभज’ असा भेद मानला आहे. शास्त्रकारांना रक्ताची शक्ती ठाऊक होती, आणि तिची मर्यादाही. नुसते रक्त पाहून जुगुप्सा उत्पन्न होते; करुणा उत्पन्न व्हायला ते कोणाचे तरी व्हावे लागते. याचे आपल्या भाषेतले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’चा शेवट. खून आपल्याला दाखवलाच जात नाही. बाहेर गेलेले लहान मूल घरात परत येते, आईबापांना पाहते, रडत बाहेर जाते, आणि फरशीवर त्याच्या चिमुकल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज नाही, संगीत नाही. रक्त किती? पावलाच्या तळव्याला लागेल एवढे. पण ते लागले, आणि जन्मभर लागून राहणार, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

मग संगणक टाकून द्यावा काय? मुळीच नाही. गोळी लागल्याचे दाखवण्यासाठी कपड्याखाली बारीक स्फोटक बांधण्याची जुनी रीत आहे. ती शिकलेल्या हाताविना आणि परवानगीविना करू नये, हे जागोजागी सुरक्षिततेचे फलक लावणाऱ्या वसाहतीत मी वेगळे सांगायला नको. तेथे संगणकच हवा. रक्त हवेत असते तो निमिष संगणकाचा. ते जेथे पडते ती जागा वाटीची. उडालेले दोन थेंब मागाहून चढवावेत, पण सदऱ्यावरचा ओला डाग आधीच खरा असावा. कॅमेरा स्थिर ठेवावा, म्हणजे चढवलेले थेंब घसरत नाहीत. आणि दोहोंची गाठ नटाच्या चेहऱ्यावर पडू द्यावी. तो दचकला तर प्रेक्षक दचकतो. उलटपक्षी जपानच्या ताकेशी कितानोने २००३ च्या ‘झातोइची’त संगणकाचे रक्त मुद्दामच चित्रातल्यासारखे ठेवले, पण तेथे सारा खेळच नाचाच्या अंगाने चालला आहे. ज्याला घाटातला अपघात सांगायचा आहे त्याला ती मोकळीक नाही.

आमची ती मुले घाटातला शॉट पुन्हा घेणार आहेत. या खेपेस अंगावर उडणारे रक्त दोनच थेंब असेल, असे त्यांनी ठरवले आहे, आणि एकसारखे तीन सदरे आणून ठेवले आहेत. मी त्यांना म्हटले, चौथा माझ्याकडून घ्या. आणि ज्या बाईने तो सदरा धुतला, तिचा शॉट मात्र पुन्हा घेऊ नका.